बोट धक्क्याला, चार तास हातात : बार्बाडोसची समुद्रसहल



गेल्या महिन्यात देवगडकडच्या एका प्राथमिक शिक्षकांचे पत्र केंद्रावर आले. ते कार्यक्रमाच्या प्रमुखांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, याचे उत्तर तुम्हीच द्या. गुरुजींचा पुतण्या पर्यटकांच्या एका मोठ्या बोटीवर कामाला लागला आहे. हिवाळ्यात ती बोट कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या फेऱ्या करते आणि दर पंधरवड्याला बार्बाडोस या बेटाला लागते. तेथे पोराला चार-साडेचार तास मोकळे मिळतात. पहिल्या दोन खेपांना तो धक्क्याजवळच फोन घेऊन बसला. आता म्हणतो, मला समुद्रात पोहायचे आहे. घरची मंडळी घाबरली आहेत. गुरुजींनी लिहिले आहे, "नको म्हणावे तर पोर एवढ्या लांब जाऊन काही न बघता परत येईल; जा म्हणावे तर जीव थाऱ्यावर राहत नाही. तुम्ही तिकडे होतात, तुम्हीच सांगा." पत्राच्या शेवटी असेही आहे की, वर्गात व्यापारी वारे शिकवताना मुलांना काहीतरी प्रत्यक्षातले सांगता आले तर बरे.

आता मी काही मोठा प्रवासी नव्हे. अशा बोटींच्या भटारखान्यात मी अकरा वर्षे काढली; कांदे सोलण्यापासून सुरुवात केली. कोकणातली आणि गोव्यातली आमच्यासारखी पुष्कळ पोरे या बोटींवर आहेत. त्यांच्या घरच्यांना बेटांची नावे ठाऊक असतात, पण तेथे मुलगा उतरतो म्हणजे काय करतो हे ठाऊक नसते. म्हणून हे उत्तर सर्वांसाठीच आहे असे समजा.

आधी बेट कोठे आहे ते बघू. नकाशावर दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला लहान लहान बेटांची एक माळ दिसते. त्या माळेतून एक मणी निसटून पूर्वेला जरा बाजूला पडावा, तसे बार्बाडोस आहे. लांबी सुमारे 34 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 23, आणि क्षेत्रफळ 430 चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या निम्मे म्हणा. वस्ती तीन लाखांहून थोडी कमी. पूर्वी इंग्रजांची वसाहत होती. 1966 साली बेट स्वतंत्र झाले आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी प्रजासत्ताक झाले. राजधानी ब्रिजटाउन, आणि बोटींचा धक्का तिला लागूनच. आपल्या घड्याळापेक्षा तिकडचे घड्याळ साडेनऊ तास मागे असते.

नावात कॅरिबियन असले तरी या बेटाला दोन समुद्र आहेत. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र आणि पूर्वेला अटलांटिक महासागर. एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन स्वभावांचे पाणी आहे. का, ते गुरुजींच्या व्यापारी वाऱ्यांत आहे. हे वारे वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून आणि पूर्वेकडून वाहतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बार्बाडोसपर्यंत मध्ये जमीन नाही. हजारो किलोमीटर उघड्या पाण्यावरून वारा लाटा हाकत आणतो आणि त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन फुटतात. पश्चिम किनारा बेटाच्या पाठीमागे दडलेला. तेथे एरवी पाणी तळ्यासारखे. पुस्तकात आपण वातसन्मुख आणि वातविन्मुख असे शब्द पाठ करतो. बार्बाडोसला ते दोन शब्द एका बसच्या तिकिटात बघायला मिळतात. तिकडे झाडेसुद्धा सांगतात. पूर्वेकडच्या उघड्या कड्यांवरची झाडे सगळी पश्चिमेकडे वाकलेली असतात.

कोकणातल्या माणसाला येथे एक गोष्ट विसरावी लागते. आपण समुद्रावर जाताना आधी विचारतो, भरती किती वाजता? मुंबईला उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरहून उंच भरती येते. सकाळी जेथे मुले खेळली तेथे दुपारी होडी तरंगते. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक एक मीटरसुद्धा नसतो. सकाळची पुळण दुपारी जवळजवळ तेवढीच असते. तेव्हा तेथे भरतीची वेळ विचारून फारसे काही हाती लागत नाही. तेथे विचारायचे ते एवढेच : ही बाजू कोणती, आणि आज लाट कोठून आहे?

हे मी शहाणपणाने शिकलो असे नाही. 2014 च्या फेब्रुवारीत आम्ही तिघे खाली उतरलो. मी, एक गोव्याचा आणि एक आमच्याच बाजूचा, खाडीकाठी वाढलेला, माशासारखा पोहणारा. बोटीवरच्या एका भित्तिचित्रात आम्ही बाथशेबा नावाच्या गावाचा किनारा पाहिला होता. पाण्यात उभे असलेले प्रचंड खडक, खालून झिजलेले, भुईछत्रासारखे. मागे पांढऱ्या लाटा. तेथेच जायचे ठरले. बाथशेबा पूर्वेला आहे हे नकाशात दिसत होते. पण पूर्व म्हणजे काय याचा विचार तिघांपैकी एकानेही केला नाही.

शहरातून बसने तासभर लागला. वाटेत उसाची शेते लागली, त्यांतच निम्मा वेळ गेला म्हणा ना. ऊस दिसला की आपला माणूस खिडकीतून डोके आत घेत नाही. किनाऱ्यावर उतरलो तो लाटांचा आवाज असा की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. पोरे फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत होती. अंग भिजवायला आलेले लोक मात्र खडकांमधल्या उथळ डबक्यांत बसले होते. आमच्या मित्राने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "ती बघ, तिथं लाट फुटतच नाहीये. मधला पट्टा शांत आहे. तिथून उतरू." मी म्हणालो, स्थानिक लोक का नाही उतरत? तो हसला. "त्यांना पोहता येत नसेल."

तो शांत पट्टा हीच खरी भीती होती. त्याचे कारण नीट समजून घ्या, कारण हे आपल्या किनाऱ्यावरही तसेच घडते. लाटा किनाऱ्यावर पाणी लोटत राहतात. ते पाणी परत समुद्रात जायला वाट शोधते, आणि जेथे तळ खोल असतो किंवा खडकांत फट असते, तेथून ते ओढ्यासारखे एकवट होऊन बाहेर धावते. त्या वाटेवर पाणी खोल, म्हणून लाट तेथे फुटत नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटते, ही जागा बरी. पाण्याचा रंग थोडा गडद दिसतो, कधी फेस आणि वाळू समुद्राच्या दिशेने जाताना दिसते. एवढ्याच खुणा.

मित्र कमरेइतक्या पाण्यात गेला आणि पुढच्या क्षणी आमच्यापासून चाळीस हात लांब होता. तो थेट काठाकडे पोहू लागला. खूप जोर लावला; जागचा हलेना. उलट आणखी मागे. त्याचे हात दमलेले आम्हाला काठावरून दिसत होते. आम्ही ओरडत होतो, त्याला ऐकू जात नव्हते. फळीवरचा एक स्थानिक पोरगा ते बघून त्याच्याकडे गेला, त्याला फळीचा काठ धरायला लावला आणि काठाकडे न येता आडवा, किनाऱ्याला समांतर, निघाला. थोडे अंतर गेल्यावर ओढ संपली. मग एका लाटेबरोबर दोघे अलगद वाळूवर आले. त्या पोराने आमच्याकडे बघून फक्त मान हलवली आणि पुन्हा पाण्यात गेला. आम्हाला त्याचे नाव विचारायचेही सुचले नाही.

तेव्हा हे पक्के लक्षात ठेवायचे. पाणी बाहेर ओढू लागले तर त्याच्याशी झुंजायचे नाही. अंग सैल ठेवून तरंगायचे, हात वर करून मदत मागायची, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचे. मग काठाकडे वळायचे. ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही, लांब नेते. माणूस बुडतो तो दमून. आणि काठावर असलेल्याने मागोमाग उडी टाकू नये. दोरी, फळी, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, ती बातमी मी बोटीवर वाचली. त्या दिवशी त्या मित्राने आणि मी एकमेकांशी फारसे बोलणे केले नाही. गुरुजी, तुम्ही सहल नेता, म्हणून मुद्दाम सांगतो. खाडीत, विहिरीत, नदीच्या डोहात उत्तम पोहणाऱ्याला लाटेच्या समुद्राचे पोहणे येत असेलच असे नाही. तुमच्या पुतण्यालाही हेच आधी सांगा.

असो. त्या दिवशीची आमची अर्धी फजिती अजून सांगायची राहिली. परतीची बस लवकर मिळेना. शेवटी टॅक्सी केली. तिकडे टॅक्सीला मीटर नसतो, भाडे बसण्याआधी ठरवायचे असते. आम्ही घाईत आधी बसलो आणि मग विचारले. तिघांचे खिसे रिकामे झाले. धक्क्यावर पोचलो तेव्हा आमची शिडी उचलायला थोडीच मिनिटे उरली होती. बोट कोणासाठी थांबत नाही. मागे राहिलात तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचे, आणि नोकरी राहील की नाही ते वेगळेच.

म्हणून सहलीचा हिशेब शेवटाकडून मांडावा, असे मी नंतर प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो. समजा अकराला काम सुटले आणि साडेतीनला बोटीवर हजर व्हायचे आहे. साडेचार तास झाले. शिडी उतरून, तपासणी होऊन, धक्क्याचा लांब रस्ता चालून फाटकाबाहेर पडायला अर्धा तास. परत येताना तेवढाच. एक झाला. आणखी अर्धा तास अडीअडचणीसाठी बाजूला काढायचा आणि त्याला हात लावायचा नाही. उरले तीन तास. जाण्यायेण्याला मिळून सव्वा तास धरा. म्हणजे पुळणीवर पावणेदोन तास मिळतात. पावणेदोन तास पुष्कळ झाले. त्यात पोहणे होते, खाणे होते, सावलीत पडून घरी फोनही होतो. पण त्यात बेटाच्या पलीकडची बाजू बसत नाही.

घड्याळाची एक गोम आहे. पुष्कळ बोटी स्वतःची वेळ चालवतात आणि ती बेटाच्या वेळेपेक्षा तासाने वेगळी असू शकते. हल्लीचे फोन बेटावर उतरताच आपोआप तिकडची वेळ धरतात. फोनमध्ये दोन वाजलेले आणि बोटीवर एक, किंवा उलट. यात मी चांगल्या जुन्या माणसांना फसलेले पाहिले आहे. मनगटावर साधे घड्याळ बांधावे, बोटीच्या वेळेला लावावे, आणि बंदर सुटेपर्यंत त्याला हात लावू नये.

मग जायचे कोठे? मी विचाराल तर कार्लाइल बे. ब्रिजटाउनच्या दक्षिणेला लागून चंद्रकोरीसारखी वळलेली ही खाडी आहे, वाऱ्याच्या आडोशाला. धक्क्यापासून चालत गेले तर पाऊण तासाच्या आत पोचता येते, आणि मला चालणेच बरे वाटे, कारण वाटेत शहर दिसते. ब्रिजटाउनचा जुना भाग आणि तेथील लष्करी छावणी यांना 2011 साली जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली आहे. मध्ये एक अरुंद बंदर शहरात घुसलेले आहे, त्याला करीनेज म्हणतात. पूर्वी शिडाची जहाजे तेथे आणून एका कुशीवर कलती करीत आणि तळाला चिकटलेले शिंपले-शेवाळ खरवडून काढीत. त्या कामावरून हे नाव पडले. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या ओढून असेच करतात, त्यामुळे मला ती जागा पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. पूल ओलांडला की बे स्ट्रीट, आणि थोडे पुढे उजव्या हाताला पाणी दिसू लागते.

चालायचे नसेल तर दक्षिण किनाऱ्याने जाणाऱ्या 11 क्रमांकाच्या लहान गाड्या आहेत. पांढऱ्या रंगाच्या, तांबडा-किरमिजी पट्टा असलेल्या. त्यांच्या नंबरपाटीवरच्या अक्षरांवरून सगळे त्यांना झेड-आर म्हणतात. आपल्या वडापची आठवण होईल. गाणी मोठ्याने, माणसे खचाखच, आणि हात केला की थांबते. सरकारी बस निळ्या, त्यांवर पिवळा पट्टा. बेटावर कोठेही जा, भाडे एकच. आमच्या वेळी दोन डॉलर होते, 2019 साली साडेतीन झाले. सरकारी बसमध्ये सुटे परत देत नाहीत, नेमके पैसे हातात ठेवावे लागतात. थांब्यांवर दोनच प्रकारच्या पाट्या असतात : शहराकडे, आणि शहराबाहेर. परतताना शहराकडे लिहिलेल्या पाटीखाली उभे राहिले की चुकायला जागा नाही. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, तेवढा रस्ता ओलांडताना जीवाला आराम.

पैशाचा हिशेबही सोपा आहे. तिकडचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक; हा दर 1975 पासून बांधलेला आहे. अमेरिकी डॉलर दुकानात, गाडीत घेतात, पण सुटे तिकडच्या नाण्यांत मिळतात आणि ते पुढच्या बेटावर चालत नाहीत. लहान नोटा न्याव्यात.

कार्लाइल बेचे पाणी पहिल्यांदा पाहिले की माणूस गप्प होतो. छातीइतक्या पाण्यात उभे राहून पायाची बोटे मोजता येतात. याचे कारण बेटाच्या दगडात आहे. बार्बाडोसचा बहुतेक भाग, शेकडा 85 च्या आसपास, प्रवाळाच्या चुनखडीने झाकलेला आहे. पाऊस पडला की पाणी त्या सच्छिद्र दगडातून खाली मुरते. मोठ्या नद्या नाहीत, त्यामुळे गाळ समुद्रात येत नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची तांबडी माती खाडीत ओततात, म्हणून आपला समुद्र गढूळ दिसतो. त्यात त्याचा दोष नाही. ती पांढरी वाळूही बरीचशी प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुराच आहे. हाच दगड पिण्याचे पाणीही गाळून देतो. बेटावरचे नळाचे पाणी पिण्यास चांगले आहे. बोटीवरून रिकामी बाटली न्या आणि भरून घ्या, पाण्यावर पैसे घालवू नका.

खाडीच्या तळाशी बुडालेली जहाजे आहेत. त्यांतले बर्विन नावाचे एक फ्रेंच ओढबोटीचे कलेवर 1919 पासून तेथे पडून आहे आणि इतक्या उथळ जागी की वरून पोहणाऱ्यालाही दिसते. त्यांच्या आसपास समुद्री कासवे येतात. लोक त्यांना बघायला जातात. आपण बघावे, धरू नये, पाठीवर हात ठेवू नये. आपल्या वेळासला कासवांच्या अंड्यांची राखण करणारी माणसे आहेत, त्यांना जे सांगावे लागत नाही ते येथे सांगतो आहे. तळाला काळ्या लांब काट्यांचे जलसाळूही असतात. खडकाळ जागी पाय टेकू नये. काटा मोडला तर आत राहतो आणि संध्याकाळी भटारखान्यात उभे राहणे कठीण होते.

पुळण सर्वांची आहे. बार्बाडोसमध्ये कोणतीही पुळण कोणा हॉटेलाच्या मालकीची नाही. मागे मोठे हॉटेल असले तरी समोरच्या वाळूवर तुमचा पुतण्या टॉवेल पसरू शकतो, त्याला कोणी उठ म्हणू शकत नाही. पैसे पडतात ते खुर्चीचे आणि छत्रीचे. बोटीवरची पोरे पहिल्या दिवशी बिचकतात, हॉटेलवाले हाकलतील म्हणून कोपऱ्यात बसतात. तसे करू नये.

सावलीला मात्र कोठेही बसू नये. हे सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून सावकाश सांगतो. पुळणीच्या कडेला मॅन्चिनील नावाचे एक झाड असते. पाने चकचकीत, टोकदार. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे, वासाला गोड. त्या झाडाचा चीक बिब्ब्यासारखा, किंबहुना बिब्ब्यापेक्षा जहाल. लागला की फोड येतात. फळ खाल्ले तर तोंड आणि घसा भाजतो. पाऊस आला म्हणून त्याच्या खाली उभे राहिले तर पानांवरून ठिबकणारे पाणीसुद्धा अंग उतवते, आणि लाकूड जाळले तर धुराने डोळे जातात की काय अशी वेळ येते. पुष्कळ झाडांच्या बुंध्याला ओळखीसाठी लाल रंगाचा पट्टा मारलेला असतो, काही ठिकाणी पाटी असते. पट्टा कधी पुसलेलाही असतो, म्हणून झाड ओळखावे. जवळच दुसरे एक झाड असते, त्याची पाने ताटलीसारखी गोल आणि फळे द्राक्षाच्या घोसासारखी. ते समुद्रद्राक्ष, त्याच्या सावलीला खुशाल बसा.

उन्हाबद्दल आपल्या पोरांना सांगून उपयोग नसतो. "आम्ही काय गोरे आहोत?" असे विचारतात. पण वारा सतत गार लागत असतो, म्हणून ऊन कळत नाही. बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला 13 अंशांवर आहे, म्हणजे साधारण आपल्या चेन्नईच्या रेषेत. अकरा ते दोनचे ऊन डोक्यावर येते. अंगात जुना सदरा घालून पोहावे, लाज वाटायचे कारण नाही. तेथले मच्छीमार तसेच करतात. मात्र लष्करी ठिपक्यांचा, हिरवा-तपकिरी कपडा नेऊ नये. बार्बाडोसमध्ये तसा कपडा सामान्य माणसाने घालणे कायद्याने मना आहे. टोपी आणि पिशवीसुद्धा चालत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी जीवरक्षकाच्या मनोऱ्याकडे बघावे. लाल निशाण असेल तर उतरायचे नाही, मग पाणी कितीही शांत दिसो. मघाशी मी पश्चिमेचे पाणी तळ्यासारखे म्हणालो, त्याला एक अपवाद आहे. हिवाळ्यात कधीकधी उत्तर अटलांटिकमध्ये दूर कोठे तरी वादळ होते आणि त्याच्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी बेटाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतात. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि लाट मात्र उसळते. अशा दिवशी वाळूवर बसून मासे खावेत.

खाण्याचे म्हणाल तर तिकडे आपल्या माणसाची आबाळ होत नाही. उडणारे मासे हा त्यांचा आवडीचा मासा. तळून, मिठाच्या गोल पावात घालून देतात, त्याला कटर म्हणतात. वर पिवळ्या रंगाची मोहरी घातलेली मिरचीची चटणी. ती तिखट असते, आपल्या पद्धतीने तिखट. आम्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारी. मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घाटून कूकू नावाचा एक पदार्थ करतात, तो उडणाऱ्या माशाच्या रश्श्याबरोबर खातात. आणि नीरफणस! आपल्या दारचा नीरफणस तिकडे भाजून, उकडून रोज खाल्ला जातो. हे झाड मूळचे प्रशांत महासागरातले. 1793 साली इंग्रजांनी ते त्या भागातल्या बेटांवर आणले, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून. वाटेत आम्ही जो ऊस पाहिला त्याची मुळे त्या इतिहासात आहेत. तिकडची आजची बहुतेक वस्ती त्या मळ्यांत राबवलेल्या आफ्रिकी माणसांची लेकरे-नातवंडे आहेत. तेव्हा कोणाशी बोलताना आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणावे आणि मग विचारायचे ते विचारावे. गाडीत चढतानाही म्हणतात. न म्हटलेले त्यांना उद्धटपणाचे वाटते. आपल्या गावात रामराम न घालता वाट विचारणाऱ्याबद्दल आपल्याला वाटते, तसेच.

ऋतूबद्दल थोडे. डिसेंबर ते मे हे कोरडे महिने, बोटींची खरी गर्दी तेव्हाच. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. बेट माळेच्या बाहेर पूर्वेला असल्यामुळे पुष्कळ वादळे बाजूने निघून जातात, पण नेहमीच नाही. 1955 च्या जॅनेट वादळाने बेटाला थेट तडाखा दिला होता. आपल्या लोकांना 2024 चे बेरिल आठवेल. 29 जून 2024 रोजी भारताने ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकला आणि विजयी संघ वादळामुळे तेथेच अडकून पडला. मुंबईला मिरवणूक निघाली ती 4 जुलैला. ते मैदान धक्क्यापासून जवळ आहे. 1971 साली वाडेकरांच्या संघातून खेळताना आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्याच मैदानावर दीडशे धावा काढल्या होत्या, आणि नवख्या गावसकरांनी नाबाद 117. मी दर खेपेला फाटकाबाहेर क्षणभर थांबत असे. त्यासाठी हिशेबात दोन मिनिटे धरायला हरकत नाही.

आणखी एक त्रास अलीकडचा. 2011 पासून अटलांटिकमध्ये सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ प्रचंड प्रमाणात वाढते आणि वाऱ्याबरोबर बेटांवर येऊन साचते, उन्हाळ्याच्या महिन्यांत अधिक. कुजले की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ते वाऱ्याबरोबर येते, म्हणजे कोणत्या किनाऱ्यावर जास्त साचणार, हा प्रश्न गुरुजींनी मुलांना फळ्यावर बेट काढून विचारावा. एक बाण पूर्वेकडून काढला की पोरे पूर्व आणि दक्षिण किनारा बरोबर दाखवतील. मग त्यांनाच विचारावे, पोहायला कोठे जाल?

आणि पुतण्याला एवढे कळवा. एकट्याने पाण्यात जाऊ नये. एकाने वाळूवर कपडे आणि घड्याळ सांभाळावे, मग पाळी बदलावी. बोटीचे ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या वाळूवरच्या माणसाकडे द्यावे, कारण ते हरवले तर शिडीवर अडतो. बोटीच्या वेळेने पावणेदोन वाजता निघावे. पायाची वाळू बे स्ट्रीटच्या नळावर धुवावी, नाहीतर ती बुटात राहते आणि रात्री बारापर्यंत टोचते. बाथशेबा बघायचेच असेल तर ज्या खेपेला बोट रात्री मुक्काम करील त्या खेपेला सकाळी जावे, डबक्यात बसावे, आणि फळीवरची पोरे दिसली तर एखाद्याला माझा नमस्कार सांगावा. तो कोण होता ते मला अजून ठाऊक नाही.